आजीचे वय आणि आजीचे आयुष्य

चि. बाळास,

आजीचा जन्म १९३० च्या सुमाराचा. वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेत मात्र तिचे वय १०३ छापले जाणार असल्याचे कानावर आले, म्हणून हे पत्र. तो आकडा मतदार ओळखपत्रावरून उचललेला दिसतो. त्या पिढीतल्या खेड्यांतल्या बायकांच्या जन्माची नोंद क्वचितच हाती लागते. कागदावरचे वय बहुतेक वेळा कोणीतरी अंदाजाने सांगितलेले असते. शंभरीचा मथळा छापायला सोपा, पण त्याने आजी कळत नाही. तिची धाकटी बहीण कराडला आहे, नव्वदीला टेकलेली. तिला अजून कोणी काहीच विचारलेले नाही.

अशा आयुष्याची वर्षे मोठ्या घटनांच्या आधाराने लावावी लागतात. आजीचे लग्न पत्री सरकारच्या दिवसांतले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे हे प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात १९४३ पासून तीनेक वर्षे चालले. हुंडा आणि जेवणावळी टाळून थोडक्यात लग्ने लावण्याचे कामही त्याच कार्यकर्त्यांनी केले. अशा लग्नांना गांधी विवाह म्हणत. आजीचे लग्न तसेच लागले आणि तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती, असे ती स्वतः सांगे. थोरल्या मुलाचे जन्मवर्ष शाळेच्या दाखल्यात १९४९ आहे. हे सगळे एकमेकांशी जुळते. १०३ कशाशीच जुळत नाही.

पुढच्या खुणाही स्पष्ट आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शेंडेफळ मुलगी अंगावर पीत होती. खटाव तालुक्यातल्या घरात मांडणीवरची भांडी खाली आली आणि आजी लेकराला घेऊन अंगणात धावली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. रेशनवर मिलो मिळे. त्या तांबड्या ज्वारीची भाकरी थापताना चिरायची, हे तिने शेवटपर्यंत सांगितले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथे गिरणीत असलेल्या थोरल्याची मनीऑर्डर थांबली. त्यानंतर घर चालले ते दोन म्हशींच्या दुधावर.

त्या मनीऑर्डरींची कुपने आजीने जपून ठेवली आहेत. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, दोऱ्याने बांधलेला गठ्ठा आहे. कागद चार बोटे रुंद, मजकूर पेन्सिलीचा: ‘पैसे मिळाल्याचे कळवणे, धाकट्याला शाळेत पाठवणे.’ तिला वाचता येत नव्हते. पोस्टमन वाचून दाखवी. ही ट्रंक भंगारात द्यायचे चालले आहे, असेही ऐकू येते. ती देऊ नये. निदान आधी रिकामी करून पाहावी.

कागदावर नसलेले मात्र कराडच्या बहिणीकडेच मिळेल. कवयित्री बहिणाबाई चौधरीही निरक्षर होत्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली, म्हणून त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये पुस्तक निघू शकले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. आजीच्या ओव्या कोणीच लिहून घेतल्या नाहीत. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की झोपमोड नको म्हणून वाकळ डोक्यावरून ओढून घेणारी तिचीच मुले, आणि त्यांत धाकटा पुढे. आज त्याला दोनच ओव्या आठवतात, त्याही अर्ध्या. माहेरी जात्याच्या दुसऱ्या बाजूला हीच बहीण बसत असे.

तिला ‘आठवणी सांगा’ म्हणू नये. म्हातारी माणसे त्यावर ‘काय सांगायचं’ म्हणून गप्प बसतात. लग्नात लुगडे कोणते होते, सासरी गाडीतून गेली की पायी, पहिल्या बाळंतपणाला कोण होते, असे एकेक विचारावे. फोनवर आवाज टिपावा, आणि कोणी, कोणत्या तारखेला सांगितले ते लगेच लिहावे. सकाळी जावे, दुपारनंतर ती थकते.

एवढे रागावून लिहिले तरी पुस्तिकेची कल्पना चांगलीच आहे. घरातल्या शिकल्यासवरल्यांपैकी कोणाला ती सुचली नाही, नातवाला सुचली. वर्षश्राद्धाला नाही निघाली तर दिवाळीला निघेल. छपाईचे पैसे धाकटा काका देईल आणि कराडला सोबतही येईल. शेवटच्या आजारात आजी पोटच्या मुलांची नावे चुकवू लागली होती, पण या नातवाचा फोन आला की ‘जेवलास का रे?’ हे विचारायला चुकत नसे. तेही पुस्तिकेत यावे. तो लाजून गाळेल, म्हणून मुद्दाम लिहिले आहे.

प्रकृतीला जपावे. कराडला कधी निघायचे ते कळवावे.

धाकट्या काकांचे आशीर्वाद