फलकाचें माप आणि फलकावरील मजकूर

शाळेस येतांना रस्त्याच्या दुतर्फा आपण कितीतरी फलक वाचतों. परंतु अमुक फलक येथें असावा, तो इतकाच मोठा असावा, हें कोण ठरवितें याचा विचार क्वचितच करितों. हा अधिकार बहुधा गांवाच्या नगरसभेकडे असतो. त्याची मर्यादा कोठवर आहे, हें समजण्यास अमेरिकेंतील एका गांवाचा खटला फार उपयोगी आहे.

त्या देशांत गांवाचे भाग पाडून कोठें राहतीं घरें, कोठें दुकानें, कोठें कारखाने असावेत, हें कायद्यानें ठरविण्याच्या पद्धतीस ‘झोनिंग’ म्हणतात. १९२६ सालीं युक्लिड नांवाच्या खेड्याच्या खटल्यांत तेथील सुप्रीम कोर्टानें ही पद्धति मान्य केली. शाळा, प्रार्थनामंदिर अशी सार्वजनिक इमारत राहत्या वस्तींत बांधावयाची, तर अनेक गांवीं आधीं उघड सुनावणी होते व शेजार्‍यांचे आक्षेप ऐकले जातात. फलकांचे नियमहि याच व्यवस्थेचा एक भाग होत.

गिल्बर्ट हें अ‍ॅरिझोना संस्थानांतील, फिनिक्स शहराजवळचें गांव. तेथें क्लाइड रीड हे पाळक असलेली ‘गुड न्यूज कम्युनिटी चर्च’ नांवाची लहानशी मंडळी होती. तिला स्वतःचें मंदिर नव्हतें. रविवारची उपासना कधीं प्राथमिक शाळेंत, कधीं अन्यत्र भरे. ज्याची दगडी इमारत चौकांत उभी आहे त्याला पाटीची फारशी गरज नसते. ज्याला आज येथें तर उद्यां तेथें जमावें लागतें, त्याला मात्र पाटीवांचून गत्यंतर नाहीं. म्हणून मंडळींतील लोक शनिवारीं सकाळीं गांवांत १५ ते २० तात्पुरते फलक लावीत व रविवारीं दुपारच्या सुमारास काढून घेत. त्यांवर मंडळीचें नांव, उपासनेची वेळ व ठिकाण, एवढेंच असे.

गांवानें फलकांचे अनेक प्रकार केले होते. मतप्रचाराचा फलक २० चौरस फुटांपर्यंत चाले, आणि त्यास मुदतच नव्हती. निवडणुकीचा फलक कांहीं जागीं ३२ चौरस फुटांपर्यंत चाले व प्राथमिक निवडणुकीच्या ६० दिवस आधींपासून लावतां येई. परंतु सभेची वा उपासनेची वाट दाखविणारा फलक ६ चौरस फुटांहून मोठा नसावा, कार्यक्रमाच्या १२ तासांहून अधिक आधीं लावूं नये व कार्यक्रम आटोपल्यावर एका तासांत काढावा, असा निर्बंध होता. हिशेब करून पाहा: उपासना सकाळीं ९ वाजतां असली, तर फलक आदल्या रात्रीं ९ नंतर, म्हणजे अंधारांतच लावावयाचा! मुदत मोडल्याबद्दल मंडळीस दोनदां ताकीद मिळाली. एक फलक तर अधिकार्‍यांनीं जप्तहि केला.

खालच्या न्यायालयांत मंडळी हरली. पण १८ जून २०१५ रोजीं सुप्रीम कोर्टाच्या सर्व न्यायाधीशांनीं निकाल फिरविला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ति क्लॅरेन्स थॉमस यांचें. त्याचा गाभा असा. एकाच आकाराचे दोन फलक शेजारीं उभे आहेत. एकावर ‘अमक्यास मत द्या’, दुसर्‍यावर ‘उपासना दहा वाजतां’ असें लिहिलें आहे. केवळ या अक्षरांमुळें नियम बदलत असेल, तर तो मजकुरावर बंधन घालणारा नियम होय, आणि त्यास अत्यंत सबळ कारण दाखवावें लागतें. नियम करणार्‍याच्या मनांत द्वेष नव्हता, हें उत्तर पुरत नाहीं. गांवानें शोभा व रहदारीची सुरक्षितता अशीं दोन कारणें सांगितलीं. पण सहा चौरस फुटांच्या फलकानें शोभा जाते आणि वीस फुटांच्या फलकानें जात नाहीं, हें कसें मानावें?

यावरून गांवाचे हात बांधले गेले, असें मात्र समजूं नये. फलकाचें माप, साहित्य, दिवे, जागा यांवर सर्वांना सारखे नियम करण्याची मुभा न्यायालयानें स्पष्टपणें ठेविली. ती ठेविलीच पाहिजे. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें वादळी वार्‍यांत एक प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलें व १७ माणसें मेलीं. महानगरपालिकेची मर्यादा ४० फूट लांबीरुंदीची असतां तें सुमारें १२० फूट लांब व तितकेंच रुंद होतें. त्यावर काय छापलें होतें, याचा त्या मृत्यूंशीं कांहींएक संबंध नव्हता.

तथापि माप व मजकूर यांतील रेषा दिसते तितकी सरळ नाहीं. वस्तींत दिव्यांच्या फलकांस बंदी, पण घराचा क्रमांक दाखविणार्‍या फलकास सूट, असा नियम गांवानें केला तर तोहि मजकुरावरच आधारलेला; मग असले निरुपद्रवी नियमहि बुडावे काय, अशी शंका न्यायमूर्ति एलेना केगन यांनीं त्याच वेळीं काढिली होती, आणि ती मला रास्त वाटते. २०२२ सालीं ऑस्टिन शहराचा खटला आला. ज्या जागेवर फलक आहे तेथील धंद्याची जाहिरात आणि दुसरीकडील धंद्याची जाहिरात, असा भेद त्या शहराच्या नियमांत होता. पहिल्या प्रकारचे फलक विजेच्या पडद्याचे करण्यास परवानगी, दुसर्‍यास नाहीं. हा भेद कळण्यास फलक वाचावा लागतो हें खरें. परंतु तेवढ्यानें नियम मजकुराविरुद्ध ठरत नाहीं, असा सहा विरुद्ध तीन मतांनीं निर्णय झाला. विरोधी मत लिहिणारे न्यायाधीश थॉमस हेच होते.