साप ‘गरीब’ म्हणून पाळू नका

नागपंचमीच्या आसपास तलवाड्यातल्या एका वस्तीत आम्ही आरोग्याची बैठक घेत होतो. एका पोराने प्लास्टिकची बरणी पुढे केली. आत काळाभोर, पांढऱ्या पट्ट्यांचा साप डोकं लपवून पडला होता. “ताई, पाळलाय. लई गरीब हाय, चावत नाही.”

तो मण्यार होता. आम्ही बरणी लांब ठेवायला लावली आणि वनखात्याला कळवले.

मण्यार दिवसा असाच सुस्त असतो. रात्री मात्र उंदीर आणि दुसरे साप शोधत फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात-पाय त्याच्यावर पडला की चावतो. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. शेवटी श्वास थांबतो. उलट कवड्या साप तसाच पट्ट्यांचा असतो, पकडला की लगेच चावतो, पण बिनविषारी असतो. म्हणून स्वभावावरून विष ओळखू नका.

साप भीतीने चावतो. नाग फणा काढतो, घोणस कुकरसारखी फुसफुसते, फुरसे खवले घासून आवाज करते. ‘लांब राहा’ एवढेच त्यांचे सांगणे. साप डूक धरत नाही, मालकाला मायाही लावत नाही. गारुड्याच्या नागाचे दात बहुधा काढलेले असतात. ते पुन्हा येतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे साप पकडणे, पाळणे गुन्हा आहे.

साप चावलाच तर:

• माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा.
• अंगठी, बांगड्या, जोडवी काढा.
• आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
• साप मारायला थांबू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविषाची लस तिथे मोफत मिळते.

आपली माणसे ऊसतोडीला जातात, कोपीत भुईवर झोपतात. बाजेवर झोपा. बाज नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाऊल टाकू नका. आणि पहाटे लेकरू पोट दुखतंय म्हणून रडत उठले, पापण्या जड दिसल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. आधी दवाखाना.