गिटारचा पट्टा सुटतो कधी

गिटारचा पट्टा उड्या मारताना सुटतो असा सर्वसाधारण समज आहे. उलट, वाजवणारा उभा असतो आणि गिटारचं ओझं पट्ट्यावर असतं, तोवर चामड्याचं भोक बटणाच्या गळ्यात बरोबर बसलेलं असतं. घात होतो तो ओझं उतरल्यावर. पेडलचा नॉब फिरवायला तुम्ही वाकता किंवा खुर्चीत टेकून गिटार मांडीवर घेता, तेव्हा पट्टा ढिला पडतो, त्याचं टोक थोडं पिळतं आणि बटणाच्या कडेवर चढून बसतं. पुन्हा ताठ उभे राहिलात की ते निसटतं.

एका गणेशोत्सवात, मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवताना मला याचा अनुभव आला. दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत पेडलवरचा आवाज जरा उतरवायला वाकलो आणि सरळ झालो, एवढंच. पट्ट्याचं मानेकडचं टोक सुटलं, गिटार पुढे झुकली आणि हेडस्टॉक स्टेजच्या फळ्यांवर आपटला. आवाज फार मोठा झाला नाही. पण सहाही तारा एकदम सैल पडल्या आणि तेव्हाच पोटात गोळा आला. उचलून पाहिलं तर तारा टेकतात त्या नटच्या मागे, नेकच्या पाठीवर एक बारीक तिरकी रेघ होती. अंगठ्याने हेडस्टॉक जरा दाबला की ती उघडायची आणि आतलं फिकट कोरं लाकूड दिसायचं.

गिटार लेस पॉल घाटाची होती, आणि या घाटाचं दुखणं नेमकं तिथेच असतं. गिब्सनच्या मूळ रचनेत हेडस्टॉक नेकपासून १७ अंशांनी मागे कललेला असतो. नेक अखंड महोगनीची असली, तर त्या वळणावर लाकडाचे उभे धागे तिरके कापले जातात. शिवाय ट्रस रॉडच्या नटासाठी तिथेच लाकूड पोखरलेलं असतं. म्हणजे जिथे लाकूड सगळ्यात कमी, तिथेच पडण्याचा सगळा मार. फेंडरचा हेडस्टॉक कललेला नसतो, नेकच्या रेषेतच असतो, त्यामुळे फेंडरची गिटार पडली तरी इतक्या सहजी तुटत नाही. तुमच्याकडे मागे कललेल्या हेडस्टॉकची गिटार असेल, तर पुढचं सगळं दुप्पट काळजीने वाचा.

दुकानातून पट्टा आणला की आपण रंग बघतो, रुंदी बघतो, नक्षी बघतो. बघायचं असतं ते टोकाचं चामडं. ते जाड आणि कडक हवं, आणि बटण आत जाताना बोटांना जोर लावावा लागला पाहिजे. शर्टाचं काज वापरून वापरून सैल होतं, तसंच हे भोकही होतं, आणि पावसाळ्यात चामडं दमट झालं की आणखी लवकर. कोकणात, गोव्यात, मुंबईत गिटार बाळगणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर पट्टा केसमध्ये कोंबून ठेवू नये. बुरशी धरते, टोक मऊ पडतं. रेक्झिनची पातळ टोकं असलेला पट्टा तर जड इलेक्ट्रिक गिटारला लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टा पारखायची रीत सोपी आहे. पलंगावर, गादीच्या वर गिटार एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने पट्टा ढिला सोडून टोक बटणाभोवती गोल फिरवा आणि वर उचला. सुटलं, तर तो पट्टा तसाच स्टेजवर नेऊ नका.

सगळ्यात स्वस्त उपाय रबराचा. बाहेरच्या देशांत ग्रोल्श बिअरच्या बाटलीच्या बुचाचं रबर यासाठी वापरायची जुनी चाल आहे. आपल्याकडे सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून, मधे लहान भोक पाडून, पट्टा लावल्यावर ती ताणून बटणावर चढवली तरी काम होतं. फक्त गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल, तर रबर लाकडाला टेकू देऊ नका, पॉलिश खराब होतं.

नेमाने कार्यक्रम करणाऱ्यांनी पट्टा बटणाला पक्का अडकवणारे स्ट्रॅपलॉकच बसवावेत. शालर आणि डनलॉप ही दोन नावं बहुतेकांना माहीत असतात. शालरमध्ये पट्ट्यावरचा तुकडा बटणाला खालून कवेत घेतो, डनलॉपमध्ये मधलं बटण दाबून पिन बाहेर काढायची असते. दोन्ही चांगले. पण लॉक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शालरचं पट्ट्यावरचं नट वाजवून वाजवून सैल होतं, म्हणून ते कार्यक्रमाआधी पाना लावून बघायलाच हवं.

आणि लॉक कितीही भारी असलं तरी ते शेवटी लाकडातल्या एका स्क्रूवर उभं असतं. बटण हाताने हलत असेल तर स्क्रू नुसता पिळून उपयोग नाही, लाकडातले आटे गेलेले असतात. स्क्रू काढा, काडेपेटीच्या काड्या, गूल काढून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वरून उरलेलं कापा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी बारीक ड्रिलने वाट करून स्क्रूला थोडं मेण लावून बसवा. वाट न करता स्क्रू जोराने रेटला तर लाकूड फाटतं.

अकूस्टिकची गोष्ट वेगळी. पुष्कळ गिटारना मागे एकच बटण असतं आणि पट्ट्याचं दुसरं टोक नाडीने हेडस्टॉकला बांधावं लागतं. ती नाडी नटच्या पलीकडे, तारांच्या खालून घ्या, तारांवरून नाही. ज्यांना नेकच्या टाचेवर बटण हवं आहे, त्यांनी ते कारागिराकडूनच बसवून घ्यावं, कारण टाचेच्या आत नेकचा सांधा असतो आणि भोक कुठे पाडायचं हे त्यालाच कळतं.

इलेक्ट्रो-अकूस्टिकला मागचं बटण म्हणजेच केबलचा जॅक असतो. तो साध्या बटणापेक्षा जाड, म्हणून मुलं पट्ट्याचं भोक ब्लेडने मोठं करून घेतात. माझ्या शिकवणीत हे मी वारंवार पाहतो. मग तोच पट्टा घरातल्या दुसऱ्या गिटारला लावला की साध्या बटणावरून अलगद सुटतो. दोन गिटारना दोन पट्टे ठेवा. या जॅकचं नटही अधूनमधून तपासा. ते सैल पडलं की केबलच्या ओढीने जॅक आतल्या आत फिरतो आणि त्याच्या तारा तुटतात.

माझ्या गिटारची नेक एका कारागिराने सरस भरून, शिकंज्यात आवळून जोडली. ती आजही वाजते. जोडलेल्या जागेचं पॉलिश मात्र बाकीच्या नेकपेक्षा जरा गडद आहे, आणि नवीन मुलगा पट्टा घेऊन आला की मी त्याला आधी तिथे बोट फिरवायला सांगतो.