गाडी परत बोलावतात तेव्हा...

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलले, पण लिहिलं फक्त परीक्षेपुरतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने आणि तुम्ही पदरात घ्याव्यात. विषय मात्र मनापासून निवडला आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. काका, काकू, त्यांची दोन मुलं आणि मी, असे आम्ही मनोरहून बोईसरला परत येत होतो. काकांची सेकंड-हँड व्हॅन आहे. तिच्यावरच त्यांचं घर चालतं. रोज तीन शिफ्टला ते एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करतात. चिल्हार फाटा जवळ आला आणि ऐन हायवेवर गाडी एकदम बंद पडली. ना आवाज, ना धूर. ॲक्सिलरेटर दाबला तरी काही नाही. मागून कंटेनर हॉर्न वाजवत अगदी अंगाला चाटून जात होते. काकांनी आणि मी धक्का मारून गाडी कडेला घेतली. दहा मिनिटांनी ती आपोआप सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं!

गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, पैसे घेतले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्या वेळी गाडीत नाइट शिफ्टचे सात कामगार होते.

त्याच सुमारास आमच्या सरांनी ऑटोमोबाईलच्या तासाला 'रिकॉल' हा शब्द फळ्यावर लिहिला. घरी येऊन मी काकांच्या आर.सी. वरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकला. उत्तर आलं : या गाडीचा फ्युएल पंप बदलायचा बाकी आहे, मोफत. रिकॉल दोन वर्षांपूर्वीच जाहीर झाला होता! कंपनीचं पत्र गेलं होतं पहिल्या मालकाला. आमच्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही.

रिकॉल म्हणजे काय?

गाड्या विकल्यानंतर कंपनीच्या लक्षात येतं की एखाद्या भागात दोष आहे, आणि तो एकाच गाडीत नसून एका ठराविक काळात बनलेल्या सगळ्या गाड्यांत असू शकतो. मग कंपनी त्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावते, तपासते आणि भाग फुकट बदलून देते. यालाच रिकॉल म्हणतात. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर असतो, म्हणून नेमकी कोणती गाडी बोलवायची ते समजतं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. प्रत्येक अपघातामागे गाडीचा दोष नसतो. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरचे दोघे गेले. त्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी कितीही भारी असली तरी न लावलेला बेल्ट काहीच करू शकत नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. तुम्ही बेल्ट लावलात, वेग पाळलात, आणि गाडीतच दोष असला तर? तिथे ड्रायव्हरची शिस्त अपुरी पडते. तिथे जबाबदारी इंजिनिअरची.

दोष येतो कुठून?

मला समजलं त्याप्रमाणे दोषांचे तीन प्रकार सांगते.

१) डिझाईनचा दोष. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं उदाहरण प्रसिद्ध आहे. चावी 'रन' या जागी पकडून ठेवणारी स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. म्हणजे चावी फिरवायला जेवढा टॉर्क लागायला हवा, त्यापेक्षा कमी लागत होता. जड की-चेन असली, रस्त्यात खड्डा आला किंवा गुडघा लागला की चावी मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही बंद! कंपनीतल्या लोकांना गाड्या अशा बंद पडतात हे २००४-०५ पासून माहीत होतं. २००६ च्या सुमारास तो भाग सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना स्विच कुठला आणि नवा कुठला हे तपास करणाऱ्यांना पुढे कळेना. २०१४ मध्ये शेवटी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्या नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी संबंधित म्हणून मान्य केले. आपण ड्रॉईंग शीटवर रिव्हिजन नंबर टाकायचा कंटाळा करतो, तेव्हा हे आठवावं.

२) मटेरियलचा दोष. जपानच्या ताकाता कंपनीचे एअरबॅग. धडक झाली की सेन्सर सिग्नल देतो, इन्फ्लेटरमधलं रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. ताकाताने यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. ते स्वस्त, पण ओलावा शोषणारं. शिवाय तापमान वर-खाली झालं की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमानही. वर्षानुवर्षं दमट हवा आणि ऊन-थंडीचा खेळ चालला की गोळ्यांना तडे जातात, भुगा होतो. भुगा झाला की जळायला पृष्ठभाग जास्त मिळतो. लाकडाचा ओंडका हळू जळतो आणि भुसा भुर्रकन पेटतो, तसंच. मग दाब इतका वाढतो की धातूचं कवच फुटतं आणि त्याचे तुकडे समोरच्या माणसाला लागतात. म्हणजे जीव वाचवणारी वस्तूच जीव घेते. हा धोका उष्ण आणि दमट भागात सर्वात जास्त. आपल्याकडे, समुद्राकाठी, हवा कशी असते हे मी सांगायला नको!

जगभरात असे सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. इतिहासातला हा सर्वात मोठा रिकॉल. भारतातही होंडाने जानेवारी २०१८ मध्ये यासाठी २२,८३४ गाड्या बोलावल्या होत्या. ताकाताने चाचण्यांची माहिती खोटी दिल्याचा गुन्हा २०१७ मध्ये अमेरिकेत कबूल केला आणि जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

बॅटरीचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला. त्यानंतर एप्रिलमध्ये ओला इलेक्ट्रिकने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला. लिथियम-आयन बॅटरीत एक सेल तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि ही साखळी थांबवणं कठीण होतं. १ डिसेंबर २०२२ पासून बॅटरीसाठी जादा कडक चाचण्यांचे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले.

३) उत्पादनातला दोष. डिझाईन बरोबर, मटेरियल बरोबर, पण बनवताना चूक. हे उदाहरण आपल्या सर्वात जवळचं. २०२२ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १२,५६६ आणि स्कॉर्पिओ-एनच्या ६,६१८ गाड्या परत बोलावल्या. १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या या गाड्या, सगळ्या मॅन्युअल गिअरच्या. कारण काय, तर क्लच जिथे असतो त्या बेल हाउसिंगमधला रबरी बेलो. एका सप्लायरच्या कारखान्यात सॉर्टिंग करताना चूक झाली आणि मापात न बसणारे बेलो पुढे गेले असावेत, असं कंपनीने सांगितलं. त्याआधी २०२१ मध्ये नाशिकच्या प्लांटमध्ये एका दिवशी खराब डिझेल आल्याच्या संशयावरून ६०० पेक्षा थोड्या कमी गाड्या बोलावल्या गेल्या होत्या. एक चुकीचा टँकर, एक चुकीचं क्रेट, एवढ्याने हे होतं.

आपला कायदा

अमेरिकेत रिकॉलचा कायदा १९६६ पासून आहे. आपल्याकडे जुलै २०१२ मध्ये वाहन कंपन्यांच्या सियाम या संघटनेने स्वेच्छेची नियमावली आणली. स्वेच्छेची म्हणजे केलं तर ठीक. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण गाजलं. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर हे इंजिनचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि चाचणीपुरतं प्रदूषण कमी करायचं. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतात ३,२३,७०० गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आलं. प्रवासी, रस्त्यावरचे लोक किंवा पर्यावरण यांना धोका असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार अशा सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत. मालकाला सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रारही करता येते.

लाल क्रेट

आता थोडं घरचं. माझे पप्पा तारापूर एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटी चेकर आहेत. तिथे रबराचे सील आणि वॉशर बनतात. पप्पांच्या टेबलावर गो-नो-गो गेज आणि शेजारी एक लाल क्रेट असतं. मापात न बसणारा माल त्या क्रेटमध्ये.

मी अकरावीत असताना एकदा महिनाअखेरीला मोठा लॉट पाठवायचा होता. रात्रीचा टेम्पो दारात उभा. पप्पांना थोडे पीस मापाबाहेर मिळाले, म्हणून त्यांनी अख्खा लॉट थांबवला. "उन्नीस-बीस चालतंय, सही करा," असं वरून सांगितलं गेलं. पप्पांनी सही केली नाही. सगळे पीस पुन्हा तपासले, टेम्पो सकाळी गेला, आणि त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह कापला गेला. त्याच पैशांतून माझ्या क्लासची फी जायची होती. मी चिडून म्हटलं होतं, "पप्पा, एवढ्याशा वॉशरसाठी कशाला भांडलात?" ते काही बोलले नाहीत. जेवले आणि झोपले.

सरांनी त्या रबरी बेलोची गोष्ट सांगितली तेव्हा मला तो दिवस आठवला. १९ हजारांवर गाड्या, आणि सुरुवात एका सॉर्टिंगच्या टेबलावर. त्या दिवशी घरी जाऊन मी पप्पांना सॉरी म्हटलं. ते हसून म्हणाले, "अगं, वॉशर कुठल्या गाडीत बसणार ते मला कुठे ठाऊक असतं? म्हणून सगळ्यात आपलंच माणूस बसलंय असं समजायचं."

मग आपण काय करायचं?

काका आधी तयारच नव्हते. "फुकट कोण देतं गं? नेली की दुसरं काहीतरी काढून बिल लावतील. आणि एक दिवसाचा धंदा बुडेल तो वेगळा." शेवटी एका रविवारी मीच बरोबर गेले. दोन तासांत पंप बदलला, बिल शून्य. तिथल्या मेकॅनिकने जुना पंप हातात घेऊन सांगितलं, की आतला प्लास्टिकचा इम्पेलर पेट्रोल शोषून फुगतो आणि केसिंगला घासून अडकतो. थंड झाला की पुन्हा फिरतो. म्हणूनच आमची गाडी दहा मिनिटांनी सुरू होत होती! तेव्हापासून ती एकदाही रस्त्यात थांबलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं करा :

- घरातल्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर आर.सी. वरून घेऊन कंपनीच्या वेबसाईटवर किंवा सर्व्हिस सेंटरला तपासा. स्कूटर, बाईकसुद्धा.
- सेकंड-हँड गाडी घेतली असेल तर कंपनीकडे आपलं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर नोंदवा. नाहीतर पत्र जुन्या मालकाच्याच दारात जाईल.
- रिकॉलच्या कामाचे पैसे द्यायचे नसतात. जॉबकार्डावर तसं लिहून घ्या.
- गाडीत तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर तारीख लिहून ठेवा आणि तक्रार करा. एकाच्या तक्रारीने काही होत नाही असं वाटतं, पण अशा अनेक तक्रारी जुळल्या तरच दोष उघड होतो.
- पत्र इंग्रजीत आलं म्हणून ते बाजूला पडू देऊ नका. शेजाऱ्यांना वाचून दाखवा. आपल्या इंग्लिश मीडियमचा तेवढा तरी उपयोग!

पुष्कळ जण म्हणतात, ज्या कंपनीच्या गाड्या परत बोलावल्या जातात ती कंपनी वाईट. मला तसं वाटत नाही. चूक होणं हे माणसाचं काम आहे. ती वेळेवर कबूल करून दुरुस्त करणारी कंपनी, लपवणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी. ताकाता बुडाली ती लपवाछपवीने.

दोन वर्षांनी आपल्यापैकी कितीतरी जण याच तारापूर एमआयडीसीत, चाकणला किंवा नाशिकला कामाला लागतील. एका रात्री टेम्पो दारात उभा असेल आणि कोणीतरी म्हणेल, "चालतंय, सही कर." त्या वेळी सिलॅबसमधलं किती आठवेल माहीत नाही. पण चिल्हार फाट्यावर मागून येणारे ते कंटेनर आणि गाडीतली काकांची दोन पोरं मला नक्की आठवतील.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल