नेमबाजीची गोळी : तिची घडण, तिचे उड्डाण आणि कायदा

पेडणे तालुक्यातील कोरगावसारख्या गावांत काजूच्या बागा, कुळागरे व भातशेती यांच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे पूर्वीपासून आहेत. ही बंदूक बहुधा ठासणीची असते. शेतकऱ्याला तिच्याकडून अपेक्षा असते ती मोठ्या आवाजाची आणि जवळच्या अंतरावरील माऱ्याची. तीनशे मीटरवरील नारळाएवढा ठिपका अचूक टिपण्याचे काम तिचे नव्हे. ते काम करणारी नेमबाजीची गोळी कशी असते आणि ती घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीहून इतकी वेगळी का वागते, हे समजून घेणे बंदूकधारकांस, तसेच शाळेतील विज्ञानशिक्षकांसही उपयोगाचे ठरेल.

ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते व गोळी वाटोळी असते. ती नळीत सुलभपणे उतरावी म्हणून नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान ठेवावी लागते. परिणामी बार उडताच गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते. शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल त्याप्रमाणे ती गिरकी घेते, व त्या गिरकीमुळे हवेत एका बाजूस वळते. इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स याने अठराव्या शतकाच्या मध्यास ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली. क्रिकेटमधील फिरकी चेंडू हवेत वळतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

यावरचा उपाय म्हणजे गोळीला ठरावीक गिरकी देणे. रायफलच्या नळीत पीळदार खाचा कोरलेल्या असतात. त्यांत घट्ट बसून पुढे सरकणारी गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते व भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष स्थिर राखते. अक्ष स्थिर राहिला म्हणजे गोळी वाटोळी असण्याचे कारण उरत नाही. ती लांबट करता येते, तिला हवा कापणारे टोक देता येते आणि मागील बाजू नावेच्या वरवंडीसारखी निमुळती करून मागे उठणारे हवेचे भोवरे कमी करता येतात.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत वापरली जाणारी गोळी दोन धातूंची असते. आत शिसे व वर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच. निव्वळ शिसे वजनदार खरे, परंतु मऊ असल्याने अतिवेगात ते नळीच्या खाचांत खरवडले जाते. कवच ते टाळते. हे कवच सर्व बाजूंनी सारख्या जाडीचे असणे, हे या कारागिरीतील सर्वांत अवघड अंग होय.

ही समानता किती सूक्ष्म असावी लागते, याचा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. खाचांचा एक पूर्ण वेढा सुमारे २५ सेंटीमीटरचा आणि गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरल्यास गोळी सेकंदाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या घेते. समजा, कवच एका बाजूस किंचित जाड असल्याने गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून ०.०१ मिलिमीटर सरकला. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीचा फार तर सहावा-सातवा भाग होईल. नळीत असेपर्यंत गोळीला बाजूस जाता येत नाही. परंतु नळीबाहेर पडताक्षणी तो गुरुत्वमध्य स्पर्शरेषेच्या दिशेने सेकंदाला सुमारे २० सेंटीमीटर वेगाने सुटतो. तीनशे मीटर अंतर कापण्यास सुमारे ०.४ सेकंद लागतात, म्हणजे गोळी ८ सेंटीमीटर बाजूस जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील ३०० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटीमीटर व्यासाचे असते, अर्थात मध्यापासून केवळ ५ सेंटीमीटर. नेमबाजाचा हात व श्वास निर्दोष असूनही दहा गुण हुकले! शिवाय प्रत्येक गोळीत हा दोष वेगळ्या दिशेस असल्याने बंदुकीची माशी सरकवून तो काढता येत नाही.

म्हणूनच अमेरिका व युरोपात परवाने घेऊन थोड्या संख्येने गोळ्या तयार करणारे कारागीर प्रत्येक कवच मोजतात, प्रत्येक गोळी तोलतात व न जुळणाऱ्या बाजूला काढतात. मोठ्या कारखान्याला कोट्यवधी गोळ्यांत एवढी निवड परवडत नाही. त्यांचा धंदा या फरकावरच उभा आहे.

घाटापलीकडील कोल्हापूरने या खेळात मोठे नाव मिळविले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह सुवर्णपदक मिळविले, तर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक पटकाविले. या प्रकारांत ५.६ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी वापरतात आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. येथे गोळी घडविण्याऐवजी निवडण्यावर भर असतो. एकाच कारखान्याच्या, एकाच किमतीच्या दोन तुकड्या एकाच बंदुकीतून सारख्या लागत नाहीत. त्यामुळे नेमबाज आपली बंदूक घेऊन निरनिराळ्या तुकड्या तपासतात व जी जुळेल तिच्याच पेट्या शक्य तितक्या खरेदी करतात.

आता कायद्याविषयी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षांच्या व कमाल जन्मठेपेच्या शिक्षेची तरतूद आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनविण्याचा परवाना नव्हे. त्याचप्रमाणे पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभाही नव्हे, ती बाब वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येते. रानात आवाजाच्या रोखाने गोळी झाडणे तर कोणत्याही बंदुकीने घातकच. स्पर्धेतील लहानशी ५.६ मिलिमीटरची गोळीदेखील दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि वाड्या-वस्त्यांच्या या मुलुखात तेवढ्या टप्प्यात कोणाचे ना कोणाचे अंगण येतेच.

ज्या विद्यार्थ्यांना या खेळाची ओढ आहे त्यांनी सुरुवात १० मीटर हवाई रायफलने करावी. तिच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एनसीसीच्या छात्रांना रायफलचा सराव अधिकृत मैदानावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली मिळतो.

शिशाबद्दलही सांगणे अगत्याचे आहे. ते ३२७ अंशांना वितळते, चुलीवरही सहज वितळते, आणि जाळ्यांच्या वजनांसाठी किनारपट्टीवरील घरांत ते तसे वितळविलेही जाते. त्याची भुकटी व वाफ श्वासावाटे आणि हातांवाटे शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्यामुळे खुंटू शकते, आणि त्याची बाह्य लक्षणे फार उशिरा दिसतात. असे काम मोकळ्या जागी, मुलांपासून दूर करावे, ज्या भांड्यात शिसे वितळले ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये, आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. नेमबाजांनाही सरावानंतर हात धुण्याची हीच सूचना देण्यात येते.