तिखाडीचे तेल : कोणत्या वस्तूत कोणता सुगंध?

आपल्या हिवरखेडच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्यात तिखाडी, म्हणजेच रोशा, नावाचे सुगंधी गवत उगवते. एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड व वऱ्हाड या पट्ट्यात भट्ट्या लावून त्याचे तेल काढले जाई. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि पुढे बल्गेरियातील महागड्या गुलाबतेलात भेसळीसाठी वापरले जाई. व्यापारात त्याला नाव मिळाले ‘तुर्की जिरेनियम’! गवत कापणारे हात आपल्या डोंगरातले, नाव मात्र परक्या देशाचे. असे का घडले, हे समजण्यासाठी सुगंधाचे शास्त्र जाणून घ्यावे लागते.

तिखाडीच्या ‘मोतिया’ प्रकाराच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबगंधी द्रव्य साधारणतः ७५ ते ९० टक्के असते. साबण अल्कधर्मी असतो. त्यात हे द्रव्य चांगले टिकते. म्हणून साबणासाठी हे तेल उत्तम. याउलट, चमेलीसारखा गंध देणारे बेंझिल अॅसिटेट अल्कामुळे विघटन पावते, तर व्हॅनिलिनमुळे साबणाची वडी तपकिरी पडते.

अगरबत्तीची कसोटी निराळी. तेथे गंधाला उष्णता सोसावी लागते. हलकी द्रव्ये लवकर उडून जातात; चंदन, वाळा, ऊद यांसारखी जड द्रव्ये धुरातही दरवळतात. फरशी पुसण्याच्या द्रावणात गंध चटकन पसरावा व स्वस्त पडावा, म्हणून पाइन तेल किंवा गवती चहाचे तेल सोयीचे. केशतेलात मात्र सुगंध तेलात पूर्ण विरघळला पाहिजे आणि तो त्वचेवर राहणार असल्याने प्रमाण बेताचे हवे. युरोपीय संघाने २००३ मध्ये जिरॅनिऑलसह २६ सुगंधी द्रव्यांबाबत नियम केला : धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यापेक्षा आणि अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्यापेक्षा अधिक द्रव्य असेल, तर त्याचे नाव वेष्टनावर छापावे. काहींना अशा द्रव्यांची अॅलर्जी होते, हे त्यामागील कारण.

आज आपल्या अनेक भगिनी बचत गटांतून साबण व अगरबत्ती तयार करतात. सुगंधाची बाटली घेताना त्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : हे अल्कात टिकेल काय? उष्णता सोसेल काय? तेलात विरघळेल काय? त्वचेला किती प्रमाणात चालेल? आपल्या पूर्वजांच्या वाट्याला कापणीची मजुरी आली; हे ज्ञान व त्याचा नफा इतरांकडे राहिला. आमच्या विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्र मन लावून शिकावे, असा आमचा आग्रह आहे तो याचसाठी. सातपुड्याच्या तेलावर यापुढे सातपुड्याचेच नाव असावे.