दम छातीत, दुखणं रक्तात

छातीचे आजार तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आपल्याकडे खोकला म्हटला की क्षय आणि धाप म्हटली की दमा, आणि अनेकदा ते खरंही निघतं. त्याच गर्दीत कधीकधी रक्ताचा कर्करोगही येऊन बसलेला असतो.

१. मिसरूड फुटलेला मुलगा आडवं होताच गुदमरतो, उशा रचून बसून झोपतो, सकाळी त्याचा चेहरा सुजलेला दिसतो. अशा मुलाला दम्याचं औषध देण्याआधी छातीचा एक्स-रे काढा, हे मी प्रत्येकाला विनवून सांगतो. दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध लिंफोमाची किंवा टी-पेशींच्या ल्युकेमियाची गाठ श्वासनलिका दाबत असू शकते. दमा समजून दिलेल्या स्टिरॉइडनं ती झपाट्यानं आकसते. पोराला बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आजार मात्र उलटतो, आणि मधल्या काळात बायोप्सी केली तर निदानापुरत्या पेशीही हाती लागत नाहीत.

२. ऑक्सिमीटरवर ९८, तरी जिना चढवत नाही? हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजननं भरलंय, एवढंच ते यंत्र सांगतं. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे नाही. हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी सीबीसी तपासणी करा.

३. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला १ लाखावर गेल्या की फुप्फुसातल्या केशवाहिन्या तुंबू शकतात. रुग्ण धापा टाकतो, एक्स-रे कधी स्वच्छ असतो. धमनीतून घेतलेल्या रक्तातला ऑक्सिजन याच पेशी नळीत खाऊन टाकतात. म्हणून नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा. हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून घाईनं रक्त चढवू नये, त्यानं रक्त आणखी दाट होतं.

४. छातीतल्या पाण्यात एडीए हे एन्झाइम वाढलं की क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. लिंफोमातही ते वाढतं, हे फार थोड्या घरांना सांगितलं जातं. पाणी पुन्हा भरलं, दुधासारखं निघालं, मानेत रबरासारख्या गाठी लागल्या, रात्री कपडे भिजवणारा घाम आला, तर नुसत्या सुईच्या तपासणीवर भागवू नका. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा.

५. साठीनंतर पुन्हापुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर मी पाठदुखीही विचारतो. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात रोगाशी लढणारी प्रथिनं निकामी होतात आणि हाडं पोकळ. नुसत्या खोकल्यानं बरगडी मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा रुग्णांना अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवरच सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणीही लिहून देतो.